डिशवॉशरच्या बरोबर वर ग्रॅनाइटचा जोड आला तर चालेल का?

त्रिमूर्तीनगरची सून:
नमस्कार. जुना ओटा तोडून नवा करून राहिलो. सिंकच्या डावीकडे ६० सेंटिमीटर रुंद डिशवॉशर बसवायचा आहे. त्याच्या पलीकडे भिंत नाही, ओटा तिथंच संपतो. काळा ग्रॅनाइट आणला, १८ मिलिमीटरचा, पण एका पीसमध्ये पूर्ण लांबी निघत नाही. मिस्त्री म्हणतात जोड मशीनच्या मधोमध घेऊ, दिसायला सारखं दिसतं. खाली आडवा कडप्पा टाकला तर मशीन आत जात नाही, नाही टाकला तर ग्रॅनाइट मोडेल असं सासूबाईंचं म्हणणं. लोखंडी पाइप टाकू का?

ओटेवाले काका:
सूनबाई, मधोमध काऊन? जोड कधीही उभ्या कडप्प्यावर घ्यायचा, पोकळीवर नाही. मी नागपुरात आयुष्यभर ओटेच बसवले. ६० सेंटिमीटरचा गाळा अखंड ग्रॅनाइट दोन्ही बाजूंना नीट टेकला तर आरामात पेलतो. तेवढ्या तुकड्याचं वजन सतरा-अठरा किलो, त्याचं काही नाही. पण मधे जोड घेतला की दोन्ही तुकडे एका बाजूनं अधांतरी. मग सावजी मसाल्याचा खलबत्ता ठणठणला, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत कोणी ओट्यावर चढून माळा पुसला, की जोड उकललाच समजा.

सिंक आणि मशीनच्या मधे उभा कडप्पा तसाही येणारच. तो डबल लावा, म्हणजे दोन्ही पीसना इंच-इंच टेकू मिळतो, आणि जोड त्याच्यावर. सिंकचं कटिंग मात्र जोडापासून सहा इंच तरी लांब ठेवा. मोकळ्या टोकाला पूर्ण खोलीचा उभा कडप्पाच पाहिजे. नुसता पाइपचा पाय नको, हलतो. आणि मशीनच्या डोक्यावर ओटा टेकवायचा नाही, वर थोडी फट राहू द्या.

फर्निचरवाला, मानेवाडा:
काका बरोबर बोलले. माझ्याकडून दोन गोष्टी. दार उघडून भरलेला रॅक बाहेर ओढला की मशीन पुढं झुकते, म्हणून ती बाजूनं क्लिपनं बांधतात. ग्रॅनाइटमध्ये स्क्रू जात नाही, तेव्हा बाजूच्या कडप्प्याला आतून प्लायची पट्टी आधीच लावून ठेवा. दुसरं, धुणं झाल्यावर दार उघडलं की वाफ सरळ वर येते. आसपास प्लाय असेल तर त्याची धार सील करा, नाहीतर फुगते. मशीनसोबत वाफेची पट्टी आली असेल तर ती ओट्याच्या खालच्या बाजूला चिकटवा.

त्रिमूर्तीनगरची सून:
मग पाइप नकोच का काका?

ओटेवाले काका:
समोरचा नको. इंचाचा पाइप टाकला की इंचभर उंची गेली, आणि तुमचं भांडणच उंचीचं आहे. मागं भिंतीला लोखंडी एल अँगल फास्टनरनं ठोका, रेड ऑक्साइड मारून, त्यावर मागची कड टेकेल.

उंची नवी फरशी बसल्यावर मोजा, आणि ओट्याच्या वरून नाही, ग्रॅनाइटच्या खालून. फ्रीस्टँडिंग मशीन झाकणासकट ८५ सेंटिमीटरच्या आसपास असते. काही मॉडेलचं झाकण निघतं, मग ८२ च्या घरात येते. जुने ओटे ३२ इंचाचे, म्हणजे वरूनच ८१. ट्रॉलीखाली सिमेंटचा कट्टा असेल तर मशीनपुरता तोडायला लावा.

जोडाची तऱ्हा सांगतो. दोन्ही कडा मशीनकटच पाहिजेत. आधी कोरडे ठेवून बघा. ग्रॅनाइटची जाडी पीसगणिक थोडी बदलते, म्हणून खालून पॅकिंग देऊन वरची लेवल जुळवायची. जोडावरून नख फिरवा, अडकलं तर पुन्हा उचला. लेवल लागली की दोन्ही बाजूंना टेप, काळा रंग मिसळलेलं इपॉक्सी भरायचं, आणि पूर्ण कडक व्हायच्या आत ब्लेडनं खरवडायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते फार लवकर धरतं, तेव्हा मिस्त्रीला थोडं-थोडं कालवायला सांगा. सकाळी करवून घ्या.

त्रिमूर्तीनगरची सून:
मिस्त्रींना दाखवलं. म्हणतात डबल कडप्प्याचे पैसे वेगळे लागतील.

ओटेवाले काका:
देऊन टाका. मोकळ्या टोकाच्या कडप्प्याचेही मागतील, तेही द्या. पण कट्टा तोडायचे मागितले तर घासाघीस करा.