मागे येणारा बास तोंड का लावत नाही? माझं मत: ल्यूर पळवा, थांबवू नका

गळवाला_ऑस्टिन

टेक्ससमधल्या लेक ट्रॅव्हिसचं पाणी नितळ. चुनखडीच्या कड्याला लागून ल्यूर, म्हणजे गळ लावलेलं खोटं आमिष, ओढत आणला की खालून एक हिरवट सावली वर येते, ल्यूरच्या मागे दोन बोटांवर नाक धरून बोटीपर्यंत येते आणि तिथून वळून खाली जाते. बास, म्हणजे गोड्या पाण्यातला हा शिकारी मासा, धरायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलंय. यावर सगळीकडे ठरलेला सल्ला मिळतो: मासा मागे आला की हात थांबवा, त्याला खायला वेळ द्या. माझ्या मते हा सल्ला बहुतेक वेळा उलटा आहे.

लार्जमाउथ बास काही चावे घेत खाणारा मासा नाही. तो तोंड आणि कल्ले एका झटक्यात फाकवतो आणि पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढून घेतो. त्यासाठी त्याला अगदी जवळ यावं लागतं. इतक्या जवळ आलेल्या माशापुढे ल्यूर थांबवला तर त्याला निवांत पाहणी करायला मिळते. गळ दिसतात, दोरा दिसतो, प्लॅस्टिकचा ताठपणा दिसतो. खरा शॅड किंवा ब्लूगिल, म्हणजे बास खातो तो छोटा मासा, मागे बास लागल्यावर थांबेल का? तो जीव घेऊन पळेल, आडवा वळेल.

म्हणून सावली दिसली की मी रीळ चालूच ठेवतो, रॉडचं टोक झपकन बाजूला नेतो म्हणजे ल्यूर आडवा वळतो, आणि पुढचे काही फेरे जोरात घेतो. लक्ष माशाच्या छातीच्या परांवर. ते अंगाला चिकटलेले असून शेपटी चालत असेल तर तो तयारीत आहे. ते बाहेर पसरले की त्याने ब्रेक लावला. त्या ब्रेकच्या आधी वेग बदलला पाहिजे, नंतर काही उपयोग नाही. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी कारणासकट लिहा.

मिनेसोटाकर

वेगळंच आहे. तुम्ही टेक्ससच्या गरम पाण्याचा नियम सगळ्यांना लावताय. आमच्याकडे बर्फ वितळल्यावर पाणी ४५ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. मासा थंड रक्ताचा, पाणी गार असलं की त्याचे स्नायू सावकाश चालतात. अशा माशापुढून ल्यूर पळवलात तर तो नुसता बघत राहील. तेव्हा पाण्यात तरंगत राहणारा जर्कबेट, म्हणजे ना बुडणारा ना वर येणारा, दोन हिसके देऊन सोडून द्यायचा. दहा सेकंद, कधी वीस. दोरा ढिला. मासा येतो, मागे उभा राहतो, आणि आपला धीर सुटायच्या बेतात असताना दोरा हलकेच बाजूला सरकतो. हिसका जाणवतही नाही.

आणि जर्कबेट खरोखर तरंगतोय का, ते काठाशी बघून घ्या. पाणी आणखी गार झालं की तोच ल्यूर हळूहळू वर यायला लागतो. पोटाला शिशाची बारीक पट्टी चिकटवली की जागेवर राहतो. थांबून मासा लागत नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा ल्यूर मुळात थांबतच नसतो.

गळवाला_ऑस्टिन

दादा, गार पाण्याचं मान्य. पण तुमचा मासा येतो तेव्हा ल्यूर आधीपासून थांबलेला असतो. माझा प्रश्न चालत्या ल्यूरमागे आलेल्या माशाचा आहे. तो वेग बघून आलाय. तो वेगच काढून घेतला तर त्याने यावं कशासाठी?

डेल्टावाली

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या डेल्टात ८ इंची ग्लाइडबेट, म्हणजे डावी-उजवीकडे सरकत चालणारा माशाच्या आकाराचा ल्यूर, फेकते, त्यामुळे मागे येऊन न खाणारे मासे हे माझं रोजचं जेवण. मला तुमचं दोघांचंही पटत नाही. तुम्ही दोघं मासा त्याच ल्यूरवर, त्याच फेकीत लागावा म्हणून धडपडताय. पी हळद आणि हो गोरी, असं मोठ्या माशाच्या बाबतीत चालत नाही.

मोठा बास मागे आला म्हणजे त्याने आपलं घर दाखवलं. कुठल्या धक्क्याखालून निघाला, कुठल्या वेलीच्या कडेने आला, ते टिपून ठेवायचं. मग पुन्हा तोच ल्यूर त्याच्या डोक्यावर आपटायचा नाही. दुसरा रॉड तयार हवा, त्यावर वजन न लावलेला सेंको, म्हणजे मऊ रबरी अळीसारखा ल्यूर, गळ मधोमध टोचलेला. मासा जिथे वळला त्याच्या थोडं पलीकडे टाकायचा आणि हात लावायचा नाही. दोन्ही टोकं थरथरत तो सावकाश खाली जातो. मघाशी आठ इंचांच्या माशाला न भुललेला बास हे चार-पाच इंचांचं रबर सहज ओढून घेतो. त्यालाही नाही लागला तर बोट मागे घ्यायची आणि ऊन उतरल्यावर पुन्हा यायचं. कमी उजेडात त्याला पाहणी करता येत नाही. गळवाला यांच्या पहिल्या मुद्द्याचं खरं उत्तर तेच आहे.

रंगांच्या डब्या उघडून बसणाऱ्यांसाठी एक. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या पेशी असतात, एक लाल आणि एक हिरव्या रंगाला संवेदनशील. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांना रंग ओळखायला शिकवून पाहिलं. लाल आणि हिरवा ते चांगले ओळखतात, पण झगझगीत पिवळट हिरवा आणि पांढरा यांत गोंधळतात. काळ्या-निळ्याचंही तेच. तेव्हा पिवळट हिरवा काढून पांढरा लावणं ही मेहनत फुकट. आकार बदला, चाल बदला.

शांत_पाणी

इलिनॉयचा विषय निघालाच आहे तर तिथलाच दुसरा प्रयोग जास्त महत्त्वाचा. रिज लेक नावाच्या छोट्या तलावात १९७० च्या दशकात प्रत्येक लागलेल्या बासची नोंद ठेवली गेली. काही मासे वर्षात पुन्हा पुन्हा गळाला लागले, काही एकदाही नाहीत. मग लागणाऱ्यांची आणि न लागणाऱ्यांची वेगवेगळी पैदास करून तीन पिढ्या पाहिल्या. दर पिढीला दोन्हींतला फरक वाढत गेला. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गळाला भुलणं हे काही प्रमाणात रक्तातच असतं.

आता विचार करा, ज्या तलावावर रोज शंभर जण ल्यूर फेकतात तिथे भोळे मासे आधीच धरले गेलेत. उरलेत ते नुसते मागे येणारे. तिथे पळवा की थांबवा हा वाद घालण्यापेक्षा, जिथे कोणी जात नाही त्या कोपऱ्यात बोट न्या. तोंड न लावणाऱ्या माशावर अर्धा दिवस घालवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

डेल्टावाली

प्रयोग बरोबर, निष्कर्ष नाही. कमी लागणारे म्हणजे कधीच न लागणारे नव्हेत. आणि ज्याला काडीचाही रस नाही तो जागा सोडून वीस फूट मागे येईल कशाला? मागे येणारा बास अर्धा तयार झालेला असतो.

काठावरचा

वसंत ऋतूत हा वाद घालण्याआधी मासा कुठे उभा आहे ते बघा, अशी कळकळीची विनंती. पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या घरात गेलं की नर बास उथळ तळ शेपटीने झाडून घरटं करतो आणि अंड्यांची, मग पिल्लांची राखण करतो. त्याच्या घरट्यावरून ल्यूर नेला की तो मागे येतो, हद्दीच्या कडेपर्यंत हाकलतो आणि परत फिरतो. यालाही लोक 'मागे आला पण खाल्लं नाही' म्हणतात आणि तासभर त्याला छळतात. शेवटी तो चिडून तोंड लावतो, आपण त्याला बोटीत घेतो, फोटो काढतो. तेवढ्या वेळात ब्लूगिल अंडी फस्त करतात.

कॅलिफोर्नियातल्या डिक्सन लेकची 'डॉटी' नावाची बास मादी आठवा. २००६ मध्ये एकाने ती वर काढली, २५ पौंड १ औंस भरली. १९३२ पासून जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा होता. पण गळ तोंडात नव्हता, बाहेरून अंगात अडकला होता. तिला तिथेच सोडून दिलं आणि विक्रमासाठी दावाही केला नाही. लागणं आणि अडकवणं यातला फरक तिथे पाळला गेला. घरट्यावरच्या माशाच्या बाबतीतही पाळा. गोल, झाडलेला पांढुरका तळ दिसला की फेक थांबवा.

शांत_पाणी

याला शंभर टक्के पाठिंबा.

स्क्रीनवाला

घरट्याचं पटलं. बाकी तुम्ही सगळे डोळ्यांना दिसणाऱ्या माशांबद्दल बोलताय, ते फार थोडे. २०१८ मध्ये गार्मिनचा लाइव्हस्कोप, म्हणजे पाण्याखालचे मासे त्या क्षणी पडद्यावर दाखवणारा सोनार, आला तेव्हापासून वीस-तीस फूट खोलीतले मागे येणारे मासेही पडद्यावर दिसतात, आणि ते किती असतात हे पाहून थक्क व्हायला होतं. त्यातून कळलेली एक गोष्ट सांगतो. वेगापेक्षा उंची महत्त्वाची. बास खालून वर बघत येतो. ल्यूर त्याच्या डोक्याच्या फूट-दोन फूट वर राहिला तर तो चढत राहतो. ल्यूर त्याच्या पातळीला किंवा खाली उतरला की बहुतेक वेळा तिथेच संपतं. म्हणून जिगहेडवरचा (शिशाचं डोकं असलेल्या गळावरचा) रबरी मिनो बारीक थरथरवत, रीळ संथ फिरवत, माशाच्या वरच ठेवायचा. तो चढायला लागला की आपणही अजून वर न्यायचा. पळवायचाही नाही, थांबवायचाही नाही.

गळवाला_ऑस्टिन

'अजून वर न्यायचा' म्हणजे माशापासून लांब न्यायचा. हेच तर मी म्हणतोय, तुम्ही उभ्याने पळवता, मी आडव्याने. पडद्याबद्दल माझं मत वेगळं आहे, बासमास्टर या अमेरिकेतल्या बास-स्पर्धा मालिकेच्या वरच्या स्पर्धांनीही २०२५ पासून त्यावर मर्यादा घातल्या आहेत. पण तो वाद इथे नको.

खाडीवाला_रायगड

मी बास पाहिलेला नाही, आमच्याकडे जिताडा. तोही आडोशाला दबा धरणारा, तोही तोंडाने ओढून घेणारा, म्हणून लिहितो. खाडीचं पाणी गढूळ, त्यामुळे मागे येणारा मासा दिसत नाही, फक्त ल्यूरमागे पाणी फुगलेलं दिसतं. ओहोटीला कांदळवनातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडावर ल्यूर मुळांना घासून आणला की एक क्षण हात सोडायचा. बहुतेक जिताडे त्या क्षणाला लागतात. पळवलेल्या ल्यूरवर मला क्वचित मिळालाय. गढूळ पाण्यात त्याला पाहणी करता येत नाही, म्हणून थांबणं चालतं, असं असेल का?

मिनेसोटाकर

अगदी तसंच असावं. गढूळ पाण्यात मासा अंगाच्या बाजूच्या संवेदनशील रेषेने पाण्याचा हेलकावा ओळखतो. ल्यूर थांबला की त्याला नेम धरता येतो. गळवाला, तुमचा नियम नितळ आणि कोमट पाण्यापुरता आहे, हे आता तरी मान्य करा. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट क्लेअर लेकमध्ये १९८८ मध्ये झेब्रा शिंपले सापडले, त्यांनी पाणी गाळून आरशासारखं केलं. तिथे उन्हाळ्यात स्मॉलमाउथ बास कळपाने मागे येतात. तिथे मीही पळवतो. एक लागला की त्याच्या मागे दोन-तीन धावत येतात, तेव्हा बोटीतल्या दुसऱ्याने लगेच त्यांच्यात ट्यूब (पोकळ रबरी ल्यूर) टाकावी. आपापसातल्या चढाओढीत ते पाहणी करत नाहीत.

गळवाला_ऑस्टिन

नितळ पाणी आणि ५० अंशांच्या वर, एवढी अट घालून माझं म्हणणं कायम ठेवतो. पळवायचं असेल तर रीळ ७:१ च्या पुढचं (मुठीच्या एका फेऱ्याला चाक सात फेरे घेतं असं) घ्या, ५:१ वर ऐनवेळी वेग वाढत नाही. आणि दुसऱ्या रॉडवर डेल्टावाली ताईंचा सेंको, ते मी पुढच्या खेपेपासून करणार.

मिनेसोटाकर

५० नाही, ५५ धरा. ५० ला अजून जर्कबेटचीच पाळी असते.