विषय: डोमेनमध्ये एका अक्षराचा फरक आणि ग्राहकाचे पैसे गेले

नमस्कार मंडळी,

आमच्या एका जुन्या ग्राहकाने बिल भरलं, पण पैसे आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. त्यांना आलेला मेल मागवून पाहिला. नाव आमचंच, लोगोही आमचाच. फक्त डोमेनमध्ये ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ खेटून लिहिलेले. मला स्वतःला तिसऱ्या वाचनात दिसलं. तो पत्ता उघडला तर कोरं पान! तिथे काहीच नसेल तर तक्रार कशाची करायची? मालकाला लिहून डोमेन विकतच घ्यावं का?

---

ताई,

भाव विचारायला मेल करू नका. सावध झालेला माणूस डोमेन दुसऱ्याच्या नावावर फिरवतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून शोध.

सगळ्यात आधी ग्राहकाला त्यांच्या बँकेला कळवायला सांगा, आत्ताच. मग तो मेल मूळ स्वरूपात, पूर्ण हेडरसकट (मेल कुठून, कसा आला याची नोंद) मागवा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

कोऱ्या पानाने फसू नका. डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्यावरचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जातो ती नोंद, तपासा. तो असेल तर तिथे मेल येण्याची सोय केलेली आहे, म्हणजे कोणी तुमचा पत्ता चुकून तसा टाइप केला तर ते पत्रही त्याच्या हाती पडू शकतं. मला या प्रकारात सर्वात जास्त भीती याचीच वाटते. वेबसाइटची नक्कल निदान डोळ्यांना दिसते.

ते डोमेन ज्या कंपनीकडे नोंदवलंय त्या रजिस्ट्रारच्या गैरवापर विभागाला पुराव्यासकट लिहा. डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणारी संस्था म्हणजे आयकॅन. एप्रिल २०२४ पासून तिच्या करारानुसार, फिशिंगचा (बनावट मेलने फसवण्याचा) ठोस पुरावा मिळाल्यावर रजिस्ट्रारला पावलं उचलावीच लागतात. डोमेन बंद पाडायचा हा सर्वात जवळचा रस्ता. मात्र बंद पडलं तरी ते तुमच्या नावावर होत नाही.

त्यासाठी यूडीआरपी, म्हणजे डोमेनचे वाद कोर्टाबाहेर पंचांसमोर सोडवायची पद्धत. आयकॅनचं हे धोरण १९९९ पासून आहे. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: डोमेन तुमच्या ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि ते वाईट हेतूने घेऊन वापरलं आहे. तिन्ही हवीतच. विपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एका पंचासमोर, पाच डोमेनपर्यंत, फी १,५०० डॉलर. समोरच्याला उत्तरासाठी २० दिवस. निकालात डोमेन मिळतं किंवा रद्द होतं. नुकसानभरपाई नाही, ती हवी तर कोर्टात जावं लागतं.

वापर होत नसला तरी वाईट हेतू ठरू शकतो, हे विपोच्या पंचाने टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन दूरसंचार कंपनीच्या २०००च्या प्रकरणातच मान्य केलं होतं. तुमच्याकडे तर फसवणुकीचा मेलच हातात आहे.

---

दादा, मनापासून आभार. एकच अडचण, आमचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलंच नाही. मग सगळंच मुसळ केरात?

---

नाही, ताई. नोंदणी नसली तरी वापरातून मिळालेला हक्क यूडीआरपीत चालतो, पण तो सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. जुनी बिलं, जाहिराती, ग्राहकांची पत्रं, कोणत्या वर्षापासून हे नाव वापरताय, सगळं काढा. ते डोमेन कधी घेतलंय तेही पाहा. तुमचं नाव सुरू होण्याआधीच घेतलेलं असेल तर तुम्हाला डोळ्यांपुढे ठेवून घेतलं असं म्हणणं फार अवघड. आणि नोंदणीचा अर्ज आता लांबणीवर टाकू नका, मी हात जोडून सांगतो.

जवळची दोन-चार चुकीची रूपं स्वतः घेऊन ठेवा. सगळी घ्यायला जाऊ नका, ती संपत नाहीत.

---

दादा, बँकेला कळवलं. एमएक्स रेकॉर्ड खरंच आहे. डोमेन मागच्याच महिन्यात घेतलेलं, आमची बिलं बारा वर्षांची. रजिस्ट्रारला तक्रार गेली. आता एकेका ग्राहकाला फोन करतेय. खातं बदलल्याचा मेल आला तर आधी आमच्याशी बोला, असं सांगतेय. त्यातल्या दोघांना तसा मेल आधीच आलाय. पैसे अजून भरलेले नाहीत.