पंचामृत : पूजेतलं आणि ताटातलं

पुण्यात लग्नामुंजीच्या पंगतीत मिरचीचं दाटसर, आंबटगोड असं जे वाढतात, त्याला पंचामृत का म्हणायचं, असा प्रश्न आला आहे. पंचामृत म्हणजे दूध, दही, तूप, मध आणि साखर ना?

दोन्ही अर्थ मराठीत सुखानं नांदतात. क्रियापदावरून अर्थ कळतो. पूजेचं पंचामृत देवाला घालतात, नंतर हातावर घेतात. जेवणातलं करतात आणि वाढतात, तेही ताटाच्या डाव्या बाजूला, चटणी-कोशिंबिरीच्या शेजारी.

यातले पाच जिन्नस कोणते, यावर मात्र घराघरांत वाद. कुणी चिंच, गूळ, तीळ, खोबरं, दाणे असं मोजतं, कुणी मिरची धरून एक वगळतं. मला वाटतं, इथे जिन्नस मोजूच नयेत, चवी मोजाव्यात. मोहरी, हिंग, हळदीच्या फोडणीत मेथीदाणे पडतात, तो कडूपणा. त्यावर हिरव्या मिरचीचे तुकडे परतायचे. मग भिजवलेले दाणे, खोबऱ्याचे पातळ काप, चिंचेचा कोळ, मीठ, गूळ. उकळी आली की तिळाचं कूट, आणि कडेनं तेल दिसू लागेपर्यंत मंद आच. कडू, तिखट, आंबट, खारट, गोड. षड्रसांतला फक्त तुरट राहिला. मेथी वगळणाऱ्यांनी निदान नावाचा तरी विचार करावा.

हल्ली याला 'पंचामृत चटणी' म्हणतात, ते मला पटत नाही. आपली चटणी वाटलेली किंवा कुटलेली असते. हे शिजवलेलं आहे आणि त्यात मिरची, दाणा, खोबरं दाताखाली वेगवेगळं लागतं. लोणचंही नव्हे, कारण मुरवायचं नसतं. रायत्याला तर राई हवी. 'तोंडीलावणं' हा शब्द चालेल, पण तो सगळ्या डाव्या बाजूलाच लागू पडतो.

जवळचं नातं सांगायचं तर कर्नाटकातल्या गोज्जूशी आणि किनारपट्टीवरच्या मेणसकाईशी. तिथेही चिंच, गूळ, तीळ, मिरची. मेणसकाईत बहुधा अननस किंवा आंबा. कानडीत मेणसिनकाई म्हणजे मिरचीच.

खायचं कशाशी? मसालेभाताशी चालतं, पुरीशी तर हमखास. पण साधं वरण, भात, तूप यांच्यासोबत बोटभर पंचामृत चाटावं, तिथे ते खरं खुलतं. सोलापूर-सांगलीकडे यालाच वेगळं नाव असेल तर जरूर लिहा, पाककृतीसकट.