कारागिरांनी अनोळखी माणसाला ऑनलाइन फुकट सल्ला द्यावा का?

पक्कड

वायरिंग, नळकाम, बांधकाम, सुतारकाम करणाऱ्यांमध्ये एक मत पक्कं होत चाललंय. ज्याला या कामातलं काही येत नाही त्याने ऑनलाइन प्रश्न विचारला, तर "जाणकार माणूस बोलवा" एवढंच सांगायचं, पुढे एक शब्द नाही. मी विजेची कामं करतो आणि मला हे पटत नाही. विरोधी मतं जरूर मांडा, धागा त्यासाठीच काढलाय.

नेहमी येणारा प्रश्न घ्या. "एमसीबी सारखा पडतो, जास्त अँपिअरचा बसवू का?" एमसीबी म्हणजे तारेतून जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. विचारणाऱ्याला वाटतं तो कमजोर आहे. पण एमसीबी बसवलेला असतो तो भिंतीतल्या तारेला वाचवायला. अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या तारेवरचा १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा टाकला, की पडणं थांबतं आणि तार तापायला लागते. इन्सुलेशन कडक होतं, तडकतं, सांध्यापाशी काळं पडतं. हे सगळं प्लास्टरच्या आड चालतं, कोणाला दिसत नाही. एवढं सांगायला चार ओळी पुरतात. त्या न लिहिता मी नुसतं "माणूस बोलवा" म्हटलं, तर बरेच जण ३२ चा एमसीबी विकत आणून मोकळे होतात. तो घ्यायला कुठलं प्रमाणपत्र लागत नाही.

दुसरा प्रश्न: "घरातले काही दिवे एकदम लख्ख झालेत, काही मंद. काय असेल?" तीन फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांच्या जोडणीत ही न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सुटल्याची खूण आहे. २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० च्या जवळपास दाब येऊ शकतो. मेन स्विच आत्ता बंद करा, माणूस त्यानंतर बोलवा, हे त्या क्षणी सांगायला नको? तिथे जाणता माणूस वाचून पुढे गेला तर मला ते अक्षम्य वाटतं.

लक्षण कशाचं आहे आणि कुठे थांबायचं हे मोकळेपणाने सांगावं. काम कसं करायचं हे सांगायचं की नाही, ते त्या त्या कामावर ठरवावं.

ओळंबा

पक्कड, तुम्ही दोन्ही उदाहरणं अशी निवडलीत की उत्तर "करू नका" किंवा "बंद करा" असं आहे. असे प्रश्न सोपे. लोक बहुतेक वेळा "करा" ऐकायला येतात.

माझा धंदा बांधकामाचा. ठरलेला प्रश्न: "खोली मोठी करायची आहे, ही भिंत पाडता येईल का?" सोबत एक फोटो. फोटोत प्लास्टर दिसतं आणि कॅलेंडर दिसतं. वर बीम आहे की नाही, भिंतीवर स्लॅब टेकलाय की नाही, वरच्या मजल्याची भिंत याच भिंतीवर उभी आहे का, यातलं काहीही त्यात दिसत नाही. मग कोणीतरी सांगतं, ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर पाडा. भिंत किती जाड आहे आणि कशाची आहे ते आवाजावरून थोडंफार कळेल. ती भार घेते की नाही, ते कळत नाही. मूळ आराखड्यात नसलेला भारही पुढे एखाद्या भिंतीवर येतो, कारण मधल्या काळात कोणीतरी वर काहीतरी चढवलेलं असतं.

भेगांचं तर त्याहून अवघड. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली बारीक भेग पुष्कळदा साधी असते. पण कॉलमवर उभी भेग आणि कडेला तांबूस डाग असेल, तर आतली सळई गंजायला लागलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. या दोन भेगा मोबाइलच्या फोटोत सारख्या दिसू शकतात. रंग नवा असेल तर डागही दिसत नाही. अशा फोटोखाली मी पुट्टी भरायचे सल्ले वाचलेत, आणि तेही अगदी ठाम आवाजात.

सगळ्यात मोठा धोका हाच आहे. दहा उत्तरं आली तर विचारणारा आपल्याला हवं ते उचलतो. भिंत पाडायची असेल त्याला "पाडा" म्हणणारा जाणकार वाटतो आणि "आधी इंजिनिअरला दाखवा" म्हणणारा घाबरट. मी कितीही जपून लिहिलं तरी माझं उत्तर त्या गर्दीतलं एक होतं, आणि त्या गर्दीला वजन येतं ते माझ्यासारख्यांमुळेच. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांत मला बसायचं नाही.

रंधा

तुम्ही दोघंही जिवावर बेतणाऱ्या कामांबद्दलच बोलताय. सुतारकामातले निम्मे प्रश्न निरुपद्रवी असतात. दमट हवेत दार चौकटीला घासतं, लोक लगेच रंधा मारायला निघतात. लाकूड रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. हवा कोरडी झाली की तेच दार परत आक्रसतं, आणि दमटपणात तासलेलं असेल तर फट पडते. थोडं थांबा, आधी बिजागरीचे स्क्रू आवळून बघा. हे सांगण्यात कोणाचं काय बिघडतं? पोटावर पाय येईल अशी भीती काही जण बोलून दाखवतात. मला तसा अनुभव नाही. स्वतः स्क्रू आवळणारा माणूस त्यासाठी मला तसंही बोलावणार नव्हता.

मल्टिमीटर

मीही पक्कड यांच्याच धंद्यातला, आणि मी लिहिणं बंद केलंय. कारण सांगतो.

"काळी वायर कुठे लावू?" या साध्या प्रश्नाचं उत्तर विचारणारा कोणत्या देशात बसलाय यावर अवलंबून आहे. भारतातल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. ब्रिटनमध्ये काळी न्यूट्रल होती. २००४ मध्ये नवे रंग आले, २००६ पासून नव्या कामाला तेच सक्तीचे झाले, आणि आता तिथे तीन फेजच्या कामात काळी तार फेजची असते. म्हणजे एकाच घरात जुनं आणि नवं काम शेजारी असेल, तर एकाच रंगाचे दोन अर्थ होतात. माझं बरोबर उत्तर चुकीच्या देशात वाचलं गेलं तर ते जीवघेणं आहे. आणि लिहिलेलं तिथेच राहतं, पुढे कोण कुठे वाचेल ते माझ्या हातात नाही.

"प्लग काढा, मग उघडा" हा सगळ्यांना सुरक्षित वाटणारा सल्ला घ्या. पंख्याला, मिक्सरला चालतो. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या आसपास भार धरून बसू शकतो. मी पंख्यासाठी लिहिलेलं वाक्य कोणी मायक्रोवेव्हला लावलं तर मी काय करणार?

शिकाऊ पोराला आपण शिकवतो तेव्हा शेजारी उभे असतो. त्याचा हात चुकीच्या ठिकाणी जायला लागला की मनगट धरतो. ऑनलाइन मनगट धरता येत नाही.

प्राजक्त

मी यातल्या कुठल्याच धंद्यातली नाही. तुमची चर्चा वाचून एक गोष्ट खटकली. सल्ला मागणाऱ्याला काम स्वतः करायचंय, हे तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलंय.

मला भिंतीला भोक पाडायचं नसतं. काम करायला आलेला माणूस "सगळं वायरिंग बदलावं लागेल" म्हणतो तेव्हा "का?" एवढं विचारण्याइतकं मला कळायला हवं असतं. बाथरूममध्ये नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. एकाने पाहून "गीझरच गेला, नवा घ्या" सांगितलं. मी ऑनलाइन विचारलं, तेव्हा कोणीतरी लिहिलं की गीझर आधी बंद करा आणि त्याचा वापर थांबवा. गळती आतल्या कॉइलमधून असेल, तरी ती अंगापर्यंत पोचली म्हणजे अर्थिंगमध्येही दोष असणार. येणाऱ्याला अर्थिंग मोजायला सांगा, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे का ते विचारा. पुढच्या माणसाला मी हेच विचारलं. त्याने अर्थिंग मोजलं, ते तुटलेलं निघालं. नुसता नवा गीझर लावला असता तर दोष भिंतीत तसाच राहिला असता.

लिहिणाऱ्याने मला पान्हा हातात घ्यायला सांगितला नव्हता. त्याच्या त्या उत्तरामुळे मी आणि माझी मुलं सुरक्षित राहिलो, याची जाणीव मला आहे. तुम्ही सगळे गप्प झालात तर माझ्यासारखीने काय विचारायचं हे कुठून शिकायचं?

वॉशर

नळकाम करतो. प्राजक्त यांच्याशी सहमत. पाणी कुठे मुरतंय कळत नसेल, तर सगळे नळ बंद करून मीटरचा काटा हलतो का बघा, हे मी डोळे मिटून सांगतो. त्यात काही मोडत नाही आणि अर्धं निदान होतं.

पण "गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतोय, बूच मारू का?" हा प्रश्न आला की मला तोडून बोलावं लागतं. बूच मारायचं नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की गीझर बंद करणारा भाग, अडकला आणि दाब बाहेर जायला वाट नसेल, तर पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही दाबाखाली पाणीच राहतं. टाकी फुटली की दाब एकदम उतरतो आणि त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. त्या वाफेला मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. हे कारण सांगितलं की लोक ऐकतात. नुसतं "नको" म्हटलं की ऐकत नाहीत. म्हणून मी कारण लिहितो, कृती लिहीत नाही.

कलम

कायद्याच्या बाजूने एक भर घालतो. "फुकट सांगितलं, म्हणजे जबाबदारी नाही" ही समजूत सगळीकडे खरी नाही. ब्रिटनमध्ये हेडली बर्न विरुद्ध हेलर या खटल्यात १९६३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, हाच प्रश्न तपासला. एका बँकेने एका कंपनीची पत चांगली असल्याचं फुकट कळवलं, त्यावर विसंबलेल्या जाहिरात संस्थेचं नुकसान झालं. न्यायालयाने तत्त्व मान्य केलं की करार नसला, मोबदला नसला, तरी जाणकार म्हणून दिलेल्या आणि समोरचा विसंबणार हे ठाऊक असलेल्या सल्ल्यात काळजी घेण्याचं कर्तव्य असू शकतं. बँक सुटली ती "जबाबदारी न घेता" असं आधीच लिहिलं होतं म्हणून.

अनोळखी माणसाला दिलेल्या प्रत्येक ऑनलाइन उत्तराला हे जसंच्या तसं लागू होत नाही, आणि देशागणिक नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात घरमालकाला परवान्याशिवाय स्वतःचं वायरिंग करता येत नाही. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये काही कामं अटींवर करता येतात. म्हणजे तीच कृती एकाला सांगणं रीतसर आणि दुसऱ्याला सांगणं बेकायदा कामाला मदत, असं होऊ शकतं.

जुनी पाने

गुपितं राखण्याचा इतिहासही आठवावा. बाळंतपणात अडलेलं मूल बाहेर काढायचा चिमटा सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या चेंबर्लेन घराण्याकडे होता. तो त्यांनी शंभराहून अधिक वर्षं घराबाहेर जाऊ दिला नाही. हत्यारं झाकून नेत. १८१३ साली एका जुन्या घरात लाकडी फरशीखाली ती सापडली. त्या काळात किती बायका-मुलं वाचू शकली असती याचा विचार करवत नाही. ज्ञान दाबून ठेवणारा धंदा स्वतःला जबाबदार म्हणवून घेतो, तेव्हा मला हे आठवतं.

ओळंबा

उदाहरण जिव्हारी लागणारं आहे, पण चेंबर्लेननी ते गुपित राखलं ते दुसऱ्या वैद्यांपासून. ज्यांना ते वापरता आलं असतं त्यांच्यापासून. मी माझं काम दुसऱ्या गवंड्यापासून लपवत नाही. शिकायला येईल त्याला हाताखाली घेतो आणि सगळं दाखवतो. तो चिमटा न शिकलेल्या हातात दिला असता तर काय झालं असतं, तेही बघा.

प्राजक्त यांचं म्हणणं मात्र मला लागलं. प्रश्न विचारायला शिकवणं आणि काम शिकवणं वेगळं आहे, हे मान्य. त्या धर्तीवर भेगेबद्दल मी एवढं सांगेन: दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, बाजूला तारीख लिहा. भेग खुणेच्या पुढे गेली, रुंद झाली किंवा कडेला तांबूस दिसलं, तर गवंड्याला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. कॉलम-बीमवर भेग असेल तर वाट बघत बसू नका, लगेच दाखवा. भिंत पाडण्याबद्दल मी कधीच उत्तर देणार नाही, फोटो कितीही पाठवा.

पक्कड

भिंतीबाबत मी तुमच्या बाजूने आहे.

मल्टिमीटर, तुमचा रंगांचा मुद्दा मी मोडू शकत नाही, आणि म्हणून तार कुठे लावायची हे मीही सांगत नाही. टेस्टरने तपासून जोडा, असंही नाही. टेस्टर पेटला नाही म्हणजे तारेत वीज नाही असं होत नाही, हे न शिकलेल्याला ठाऊक नसतं. पण एमसीबीचं काम तार वाचवण्याचं आहे, हे कुठल्याही देशात, कुठल्याही रंगाच्या तारेला लागू आहे. ते लिहायला तुमची हरकत का?

मल्टिमीटर

कारण त्याचा पुढचा प्रश्न लगेच येतो: "बरं, मग तार जाड टाकली तर ३२ चा चालेल का?" त्याचं खरं उत्तर "तार, तिची लांबी, नळीतल्या तारांची गर्दी आणि भार बघून, चालेल" असं आहे. तो त्यातलं "चालेल" घेऊन जाणार. पहिल्या प्रश्नाला उत्तर देऊन दुसऱ्याला गप्प बसलो तर त्याला अर्ध्यावर सोडल्यासारखं होतं, म्हणून मी पहिल्यालाच थांबतो. दिवे लख्ख-मंद होण्याचा प्रश्न दिसला तर मात्र लिहीन. तिथे मेन बंद करायला सांगणं भाग आहे.

पक्कड

दुसऱ्या प्रश्नाला मी "हे लांबून ठरवता येत नाही, कारण अमुक" असं लिहितो, आणि ते अमुक पूर्ण लिहितो. काही जण तरीही "चालेल" एवढंच उचलतात, खरं आहे. बाकीच्यांसाठी मी लिहीत राहणार.