दारू सुटल्यानंतरची वर्षं : तुमचे अनुभव लिहा

दारू सोडवण्याबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं. सुटल्यानंतर कसं जगायचं, यावर फारसं कोणी बोलत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. ए. ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगा तर आता लहान गावांतही भरतात. तरी केंद्रातून माणूस घरी आला की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे! माझा मोठा भाऊ यातून गेला, आणि आमच्या घराचं खरं काम तो परतल्यावर सुरू झालं. म्हणून हा धागा. स्वतः सोडलेल्यांनी लिहा, घरच्यांनीही लिहा. नाव-गाव नको.

एसटीत कंडक्टर

माळ घातली, देवाची शपथ घेतली, सगळं करून झालं होतं. सकाळी हात इतके थरथरायचे की बशीत चहा सांडायचा. उतारा म्हणून परत थोडी घेतली की थांबायचे. एकदा जिद्दीने घरीच बंद केली, तर दुसऱ्या रात्री फिट आली. डॉक्टर म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्याने अशी एकदम तोडायची नसते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तेव्हा सोडायची ती औषधाखालीच.

आता पगार थेट बायकोकडे. उपाशी, रागात, एकटं किंवा दमलेलं असताना तलफ येते, हे मीटिंगमध्ये ऐकलं आणि तंतोतंत पटलं. ड्युटी संपली की आधी पोटभर जेवतो.

पत्नी

ते प्यायचे तेव्हा ऑफिसला ‘ताप आलाय’ म्हणून फोन मीच करायचे, गुत्त्याची उधारीही मीच फेडायचे. बायकांच्या गटात गेल्यावर समजलं की या सांभाळण्यानेच त्यांचं पिणं निभावून जात होतं. फोन बंद केले, उधारी देणंही बंद केलं. सासूबाई बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण त्याहून अवघड होतं ते त्यांनी सोडल्यावर. यायला उशीर झाला की पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने मी जवळ जाऊन वास घ्यायचे. त्यांना ते कळायचं आणि ते चिडायचे. मुलीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हा म्हणाले, “मी भरून येतो.” एवढी वर्षं घर मी एकटीने ओढलेलं, रोख रक्कम त्यांच्या हातात द्यायला मन धजेना. समुपदेशक म्हणाल्या, “विश्वास थोडा थोडा द्या, आधी विजेचं बिल.” तसंच केलं. पावती ते स्वतःहून टेबलावर ठेवायचे. फी पुढच्या वर्षी त्यांनी भरली.

नर्स

भिंतीवरच्या ‘न सांगता दारू सोडवा’ जाहिरातींना कृपा करून भुलू नका. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामसारखी गोळी भाजीत मिसळून दिली आणि माणूस वर प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. हृदयाचा त्रास असेल तर मृत्यूही. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच देतात.

मी, सोडलेला

चुलत भावाच्या हळदीला ‘एका पेगने काय होतंय’ झालं आणि घसरलो. दुसऱ्या दिवशी लाजेने तोंड लपवावंसं वाटत होतं, तरी स्पॉन्सरला, म्हणजे ए. ए.तल्या माझ्या आधी दारू सोडलेल्या सोबत्याला, फोन केला. तो ओरडला नाही. “आज संध्याकाळी मीटिंगला ये,” एवढंच म्हणाला. घरच्यांनो, अशा वेळी मागची उणीदुणी काढू नका, मधुमेह्याची साखर वाढल्यावर नेता तसं लगेच डॉक्टरांकडे न्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. कुठे जावं सुचत नसेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. रात्रपाळी करणारे मीटिंग कशी सांभाळतात, हे कोणी लिहील का? भावाची पाळी पुढच्या महिन्यात बदलतेय, आणि वहिनी आतापासूनच काळजीत आहे.