घड्याळाच्या काचेवर सारखे चरे पडतायत, सफायरची काच घेऊ का?

विटकरी: मी बांधकामाच्या साइटवर असतो, पहिल्या पगारातून घेतलेलं घड्याळ, मिनरल ग्लास, दीड वर्षात काचेवर इतके चरे पडलेत की उन्हात काटे दिसत नाहीत. सळईला वगैरे फार लागतं म्हणून असेल का? नवीन घेताना सफायरच बघू का? अजून एक, बाबांचं एचएमटी जनता आहे, देवनागरी आकड्यांचं, त्याची काच पार धुरकट झालीय, ती साफ होईल का?

घड्याळवेडा: सळई नाही रे, वाळू. वाळूत क्वार्ट्झ असतं, कठीणपणा मोजायच्या मोह्सच्या मापावर ७, मिनरल काच साडेपाच-सहाच्या आसपास, म्हणजे गिलाव्याच्या भिंतीला हात घासला की चरा पडलाच. धूळ बसलेली काच शर्टाला पुसायची सवय असेल तर तीही सोड, आधी फुंकर मार मग पूस. सफायर म्हणजे कृत्रिम नीलम, ते ९ आहे, वाळू त्याला काही करत नाही. कधी करडी रेघ दिसली तर बहुतेक वेळा ते कुठल्यातरी धातूचं घासून लागलेलं असतं, खोडरबराने जातं.

मधली_सुट्टी: सफायरला चरे पडत नाहीत हे खरं पण ते ठिसूळ असतं. माझं बाथरूमच्या फरशीवर पडलं आणि काचेचे तुकडे थेट डायलवर, काटेसुद्धा खरवडले गेले. साइटवर आपटाआपटी होणार, तिथे स्वस्तातलंच घाल, चांगलं घरी ठेव असं मला मनापासून वाटतं. ओमेगाच्या चंद्रावर गेलेल्या स्पीडमास्टर घड्याळालाही अ‍ॅक्रिलिकच (म्हणजे प्लास्टिकच) होतं, तडकलं तरी त्याचा चुरा होत नाही.

जुनी_किल्ली: जनताची काच अ‍ॅक्रिलिक आहे, लगेच चरे पडतात पण घासून जातातही. कडेच्या धातूला चिकटपट्टी लाव, पांढरी टूथपेस्ट घे (जेल नको) आणि सुती कपड्याने गोल गोल दहा मिनिटं घास. खोल चरा असेल तर आधी २००० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने. नळाखाली अजिबात धरू नकोस, पाणी आत जाईल, ओलसर फडक्याने पूस. मिनरलवर हे करू नको, काही उपयोग नाही. आणि काच बदलायला दिलीस तर घड्याळजीला बजावून सांग की डायल रंगवायचा नाही, ते देवनागरी आकडे एकदा गेले की गेले.

विटकरी: केलं आत्ता! बारीक एक चरा राहिलाय सहाजवळ, बाकी सगळे आकडे स्वच्छ दिसतायत, बाबा मघापासून हातात घेऊन बसलेत.