तेच पाप पुन्हा पुन्हा: पापनिवेदनाला अर्थ राहतो का?

पाचूबंदर_वसई
उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) सुरू झाला की खलाशांमध्ये हा वाद निघतोच. पापनिवेदनात, म्हणजे फादरपुढे पापे कबूल करताना, दर वर्षी तीच यादी: दारू, शिवीगाळ, मासळी विकताना काट्यात मारणे. क्षमा मिळाल्यावर तेच पाप पुन्हा घडले तर आधीची क्षमा रद्द होते का? आणि बोट आठ-दहा दिवस बाहेर असली की रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) बुडते, ते पाप धरायचे का? तयारी नेमकी कशी करावी तेही सांगा. पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या) पापनिवेदनाची रांग एवढी लांब असते की दोन मिनिटांत उरकावे लागते.

धर्मशिक्षक_गिरीज
पाचूबंदरदादा, क्षमा रद्द होत नाही. माफ झालेले पाप परत खात्यावर चढत नाही, नवे पाप ते नवेच. अट एवढीच की निवेदन करताना सोडण्याचा निश्चय खरा हवा. पुन्हा पडू अशी भीती असली तरी निश्चय खराच असतो. संध्याकाळी गुत्त्यावर जायचे ठरवूनच रांगेत उभे राहिले तर मात्र तो निश्चय नव्हे.

आधी पाप गंभीर की क्षम्य ते पाहा. गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि मनापासून संमती. रागात तोंडातून गेलेली शिवी बहुधा यात बसत नाही. मुरलेल्या सवयीने जबाबदारी कमी होऊ शकते, असे कॅथोलिक धर्मशिक्षण मानते. पण सवय मोडायचे प्रयत्न टाळायला ती सबब चालत नाही.

तयारी आदल्या रात्री करा, रांगेत नाही. प्रत्येक गंभीर पापाचा प्रकार आणि साधारण संख्या सांगावी लागते. ‘पुष्कळदा’ म्हणू नका, ‘सहा महिने, आठवड्यातून दोनदा’ असे सांगा. कारणमीमांसा, बायकोचा स्वभाव, भागीदाराची लबाडी यांत निम्मा वेळ जातो, ते सगळे गाळा. एखादे गंभीर पाप खरोखर विसरले तर तेही क्षमेत आले, पुढच्या वेळी फक्त सांगायचे. लाजेने मुद्दाम लपवले तर मात्र ते निवेदनच फुकट जाते आणि सगळे पुन्हा सांगावे लागते. लाज ओळखीच्या फादरची वाटत असेल तर शेजारच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जा. पापनिवेदनाची गुप्तता फादरला कोणत्याही कारणाने मोडता येत नाही, थेट मोडली तर आपोआप चर्चचा बहिष्कार लागू होतो.

काट्यात मारण्याचे प्रकरण वेगळे आहे. तिथे नुसत्या तीन ‘नमो मारिया’ (मारियामातेची प्रार्थना) म्हणून भागत नाही. लुबाडलेले परत करणे हा न्यायाचा भाग आहे. बायबलच्या लूक १९ मध्ये लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय चौपट द्यायला निघतो, तुम्ही निदान घेतले तेवढे तरी द्या. गिऱ्हाईक कोण होते ते सापडत नसेल तर अंदाजे रक्कम काढून गरिबांना द्यावी. आणि काटा आजच दुरुस्त करावा. तो तसाच ठेवून निश्चय केला म्हणणे हास्यास्पद आहे.

रत्नागिरी_वाचक
मी प्रॉटेस्टंट बाजूने लिहितो. वरच्या पोस्टमधली शिस्त चांगली आहे, पण ती वाचून कुणाला वाटेल की क्षमा आपल्या तयारीची मजुरी आहे. इफिसकरांस पत्र २:८-९ उलटे सांगते: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे. १ योहान १:९ नुसार पाप देवापाशी कबूल केले की पुरे, मधे पाद्री लागत नाही. ‘मग खुशाल पाप करू’ या पळवाटेला प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात उत्तर दिलेच आहे. अडकलेल्या माणसाने रोमकर ६, ७ आणि ८ हे तीन अध्याय सलग वाचावेत. सातव्यावर थांबले की निराशा येते, कारण इच्छा चांगली असून हातून वाईटच घडते ही कुतरओढ तिथे आहे. आठव्याची पहिलीच ओवी तिला उत्तर देते.

धर्मशिक्षक_गिरीज
कृपा कमाई नाही, याला कॅथोलिकांचाही नकार नाही. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे लुथेरन (एक प्रॉटेस्टंट पंथ) आणि कॅथोलिक प्रतिनिधींनी नीतिमत्त्वाविषयी (माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याविषयी) संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या त्या याच मुद्द्यावर, २००६ मध्ये मेथडिस्ट हा दुसरा प्रॉटेस्टंट पंथही त्यात आला. फादरच्या अधिकाराविषयीचे मतभेद आहेत तसेच आहेत, आम्ही योहान २०:२२-२३ वर (येशू शिष्यांना पापक्षमेचा अधिकार देतो ते वचन) उभे आहोत. प्रायश्चित्त म्हणून दिलेली प्रार्थना ही क्षमेची किंमत नव्हे, पापाने मोडलेले सावरण्याची ती सुरुवात.

मालवण_बंदर
ता खरा. पण समुद्राचा प्रश्न राहूनच गेला.

पोटासाठी बोट बाहेर असेल आणि परतणे शक्य नसेल तर मिस्सा चुकल्याचे पाप लागत नाही, गंभीर कारण असले की बंधन उरत नाही. अशा वेळी शुभवर्तमान (बायबलमधले येशूचे चरित्र) वाचून एकत्र प्रार्थना करावी अशी शिफारस मात्र आहे. तांडेलाने (बोटीच्या म्होरक्याने) जाळी टाकण्याआधी दहा मिनिटे काढली तरी जमते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ही सबब नाही.

वादळात सापडलात आणि फादर नाही, तर? देवाच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप, नुसत्या नरकाच्या भीतीचा नव्हे, गंभीर पापाचीही क्षमा मिळवून देतो. सोबत किनाऱ्याला लागल्यावर शक्य तितक्या लवकर पापनिवेदन करण्याचा निश्चय हवा. हे प्रत्येक खलाशाला लहानपणीच शिकवायला हवे, शिकवले जात नाही.

आणखी एक. माफ झालेली जुनी पापे शंकेपोटी पुन्हा पुन्हा सांगणारे बरेच असतात. त्यांनी एकच फादर धरावा आणि त्यांचे ऐकावे. रोज रात्री पंधरा मिनिटे संत इग्नेशियसची (जेजुइट संघाच्या संस्थापकाची) आत्मपरीक्षणाची पद्धत वापरावी: आधी देवाचे आभार, मग प्रकाश मागणे, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. बरेच लोक आभार गाळून थेट यादीकडे वळतात. मग महिनाभरात देव बाजूला राहतो आणि माणूस स्वतःकडेच बघत बसतो.

पाचूबंदर_वसई
आभारी आहे. बोट शनिवारी दुपारी लागली आणि रविवारी पहाटे पुन्हा निघायची असेल तर?

मालवण_बंदर
शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते, रविवारचे बंधन त्यातच पूर्ण होते. पापनिवेदन करायचे असेल तर मिस्सेच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि फादरना आधी फोन करून ठेवा.